वेसाव्याच्या लिफ्टा : एका जुन्या यंत्राची हकिगत

वेसाव्याच्या इतिहासावर यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादकमंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो खाडीपलीकडचा मढचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधला, वसईच्या मोहिमेत इ. स. १७३९ साली तो मराठ्यांनी जिंकला, आणि १७७४ साली साष्टीबरोबर तो इंग्रजांच्या हाती गेला. या किल्ल्याविषयी आमच्याहून अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. शिवाय, खरे सांगावयाचे तर किल्ल्याच्या पडक्या तटाशी आमचा संबंध वर्षातून एखाद्या वेळी येतो. ज्या वस्तूशी आमचा संबंध दिवसातून चार वेळा येतो आणि जिच्या इतिहासाची चौकशी आजवर कोणी केली नाही, ती वस्तू आमच्या इमारतीच्या जिन्याशेजारच्या विहिरीसारख्या पोकळीत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत वर-खाली करीत असते. ती म्हणजे लिफ्ट. शासकीय मराठीत तिला उद्वाहन म्हणतात. परंतु वीज गेल्यावर 'उद्वाहन बंद पडले' असे ओरडलेले आम्ही अद्यापि ऐकलेले नाही, म्हणून या लेखात आम्ही लिफ्ट हाच शब्द वापरणार आहो.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला निमित्त घडले ते आमच्या गृहनिर्माण संस्थेतील एका तंट्याचे. आमची इमारत सात मजल्यांची असून ती १९८० नंतरच्या दशकात, म्हणजे यारी रस्ता, सात बंगले आणि लोखंडवाला या भागांतील दलदल व भाताची खाचरे बुजवून जेव्हा इमारतींचे पीक उगवले, त्या काळात उभी राहिली. तिच्यात जी लिफ्ट बसली तीच परवापरवापर्यंत चालू होती. ती काढून टाकून संपूर्ण नवी बसवावी, की तिची दुरुस्ती करून तीच चालवावी, या एका प्रश्नावर आमच्या संस्थेच्या तीन वार्षिक सभा उधळल्या. सहाव्या मजल्यावर आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध आजी राहतात. त्यांनी उभा जन्म वेसाव्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव घेण्यात आणि पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीपर्यंत विकण्यात घालविला. गुडघे गेल्यामुळे जिना त्यांना आता दुर्लंघ्य झाला आहे. लिफ्ट बंद असली म्हणजे त्या घरात कोंडल्या जातात. देवळाला नाही, दवाखान्याला नाही, लेकीकडे नाही. तेव्हा हा केवळ लोखंडाचा प्रश्न नव्हता, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

माणसाने ओझे वर ओढण्यासाठी कप्पी आणि दोर केव्हा वापरला हे सांगणे कठीण आहे. आपल्या ज्ञातीतील शीड चढविणाऱ्या पूर्वजांना ती विद्या अवगत होती यात शंका नाही. पण दोर तुटला तर काय, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणी शहाणा मनुष्य त्या दोरावर आपला जीव टांगावयास तयार नव्हता. ते उत्तर दिले एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने. इ. स. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच टांगलेल्या फळीवर तो स्वतः उभा राहिला आणि सर्वांच्या देखत त्याने वरचा दोर कापविला. फळी थोडीशी घसरली आणि जागच्या जागी थांबली. दोराचा ताण नाहीसा होताच एक कमान मोकळी होऊन बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकावी, एवढीच ती युक्ती होती. तीन वर्षांनी, १८५७ साली, त्याच शहरातील एका पाच मजली दुकानात माणसांसाठी त्याची लिफ्ट चालू झाली. पुढे वाफेची, पाण्याच्या दाबाची आणि विजेची लिफ्ट आली. १८८० साली जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्सने विजेवर चालणारी लिफ्ट मानहाइमच्या प्रदर्शनात दाखविली. परंतु ओटिसने दिलेले मूळ वचन, म्हणजे दोर गेला तरी पिंजरा पडणार नाही, हे आजच्या लिफ्टमध्येही रूप बदलून कायम आहे.

मुंबईत ही वस्तू लवकर आली. काळा घोड्याजवळची, आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाणारी आणि कित्येक वर्षे पडायला आलेली इमारत, ती मूळची वॉटसन हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडातून जहाजांनी आणून १८६०-७० या दशकाच्या अखेरीस येथे जुळविण्यात आला, आणि त्या हॉटेलात वाफेवर चालणारी लिफ्ट होती असे सांगतात. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, त्यामुळे तिचे नाव सिनेमाच्या इतिहासात राहिले. लिफ्टच्या इतिहासात मात्र कलकत्त्याच्या राजभवनातील १८९२ सालच्या ओटिसच्या लिफ्टला पहिलेपणाचा मान दिला जातो. या पहिलेपणाच्या वादात आम्ही पडत नाही. १९०३ च्या डिसेंबरात जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले, त्यात जर्मन बनावटीच्या लिफ्टा होत्या. त्यानंतर चर्चगेट आणि मरीन ड्राइव्हच्या भरावावर १९३० ते १९५० च्या दरम्यान जी घाटदार घरे उभी राहिली, त्यांत लाकडी पिंजरा, पितळी मुठी आणि ओढण्याचा जाळीदार दरवाजा असलेली लिफ्ट ही मध्यमवर्गीय सुखवस्तूपणाची खूण ठरली. लिफ्टांची संख्या वाढली म्हणूनच सरकारला १९३९ साली मुंबईचा लिफ्ट कायदा करावा लागला. लिफ्ट उभारण्यास परवानगी, चालविण्यास परवाना, सरकारी निरीक्षकाकडून तपासणी आणि अपघाताची वर्दी, ही चौकट त्या कायद्याने घातली. तिच्याखालचे नियम १९५८ चे. तो कायदा पुष्कळ वर्षे टिकला. सरकत्या जिन्यांसह सर्वांसाठी महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ चा आहे.

या साऱ्या काळात वेसावे जमिनीवरच होते. बुधा गल्ली, मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, बाजार गल्ली या आपल्या गल्ल्यांत माडीचे घर हे मोठे घर, आणि त्या माडीला लाकडी जिना. आमच्या लहानपणी लिफ्ट पाहावयाची तर कोटात जावे लागे. एखादा ज्ञातिबांधव कोटातल्या कचेरीत लिफ्टमन म्हणून लागला, तर गावात त्याच्या खाकी गणवेशाला मान असे, आणि तो सुटीच्या दिवशी गावातल्या पोरांना 'वर' आणि 'खाली' या दोन शब्दांत आपल्या नोकरीचे सगळे वर्णन करून दाखवी. मग आमच्या वडिलांच्या पिढीने खाजणे आणि शेते विकली, काहींनी विकली नाहीत तरी ती गेली, आणि ज्या चिखलात आम्ही निवट्या धरल्या त्यावर सात-सात मजले उभे राहिले. त्यांतल्या काही मजल्यांवर, जमिनीच्या मोबदल्यात म्हणा किंवा कर्ज काढून म्हणा, आपली माणसेही राहावयास गेली. वेसाव्याच्या कोळ्याचा लिफ्टशी संबंध आला तो असा.

आता यंत्राकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी आहे की मोटार पिंजरा उचलते. वस्तुतः पिंजऱ्याच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचे वजन टांगलेले असते, आणि ते रिकामा पिंजरा अधिक सुमारे निम्मी माणसे यांच्याइतके ठेवतात. त्यामुळे अर्धा भरलेला पिंजरा तराजूसारखा तोललेला असतो आणि मोटारीला उचलावा लागतो तो केवळ फरक. गच्चीवरच्या खोलीत मोटार, तिच्या पुढे दातेरी पेटी, आणि पेटीच्या आसावर खाचांचे मोठे चाक. दोर त्या खाचांत बसतात आणि निव्वळ घर्षणाने ओढले जातात. दातेरी पेटीत पोलादी मळसूत्र काशाच्या चाकाला फिरविते. तेल वेळेवर बदलले तर ही पेटी माणसाच्या कर्त्या आयुष्याइतकी टिकते, यात अतिशयोक्ती नाही. पिंजऱ्याला वाट दाखविणारे दोन्ही बाजूंचे रूळ आणि ती लोखंडी वजने यांना तर झिजण्याचे कारणच थोडे. ब्रेकची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे : कमान ब्रेक दाबून धरते आणि वीज तो सोडविते, म्हणून वीज गेली की लिफ्ट आपोआप थांबते. वेग प्रमाणाबाहेर वाढला तर गव्हर्नर नावाचे एक फिरते चाक खटका ओढते आणि पिंजऱ्याखालचे जबडे रुळांना चावतात. ओटिसच्या कमानीचा हा नातू होय.

याउलट दोर, ब्रेकचे अस्तर, दरवाजांचे खटके, पिंजऱ्याला वीज नेणारी लोंबती केबल आणि नियंत्रणाची फळी ही झिजणारी मंडळी. जुन्या लिफ्टची नियंत्रण-फळी म्हणजे भिंतीएवढ्या पेटीत ओळीने बसविलेले रिले. लिफ्ट चालू झाली की ते एकामागून एक 'टक्, टक्' वाजतात. जुना जाणता मेकॅनिक त्या आवाजावरून सांगत असे की तिसरा वाजला पण चौथा वाजला नाही, आणि चौथ्याच्या टोकावरची काजळी पुसली की लिफ्ट चाले. या विद्येला शाळा नव्हती. एकाच्या हाताखाली दुसरा राही आणि शिके. (हल्ली आयटीआयमध्ये लिफ्ट-मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, ही गोष्ट आमच्या ज्ञातीतील तरुणांनी लक्षात ठेवावी. मासळीचे दिवस कसे आहेत ते आम्ही त्यांना सांगावयास नको.)

वेसाव्याला मात्र एक गोष्ट कोटाहून कठीण आहे, ती म्हणजे खारा वारा. समुद्राकाठचे लोखंड कसे खाल्ले जाते हे कोळ्याला सांगावे लागत नाही. गच्चीवरच्या मोटार-खोलीची खिडकी पश्चिमेकडे असली आणि तिची काच फुटलेली असली, तर दोन पावसाळ्यांत रिलेची टोके काळी पडतात, गव्हर्नरचा बारीक दोर तांबूस होतो आणि दरवाजांच्या पट्ट्या फुगतात. आमच्या खोलीची काच किती वर्षे फुटलेली होती हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. आणि मग २६ जुलै २००५ आली. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते, आणि लिफ्टचा खड्डा तर विहीरच झाला. मोटार गच्चीवर असल्यामुळे वाचली. खड्ड्यातल्या कमानी, गव्हर्नरचा दोर ताणून धरणारे खालचे चाक आणि लोंबत्या केबलचा खालचा वळसा मात्र चिखलात बुडाला. तेव्हाच पुष्कळ इमारतींना लिफ्ट बदलण्याचा सल्ला मिळाला. आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध मेकॅनिकने पाणी उपसले, चाक खोलून रॉकेलात धुतले, बेअरिंग नागदेवी रस्त्यावरून नवे आणविले, केबल बदलली, आणि नवव्या दिवशी लिफ्ट चालू करून दिली. ती पुढे बरीच वर्षे चालली. त्या नऊ दिवसांत आजींना दूध आणि औषध पोचविणारी पोरे आज स्वतः बाप झाली आहेत.

येथे आम्ही थोडे विषयांतर करतो. होडीच्या बाबतीत बदलावे की दुरुस्त करावे हा वाद आपल्या ज्ञातीला नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात सरकारने मच्छीमारांना इंजिनांसाठी कर्जे व साहाय्य देण्यास सुरुवात केली, तेव्हा शिडाच्या होड्या मोडून टाकाव्या लागतील अशी भीती पुष्कळांना वाटली होती. तसे घडले नाही. चांगल्या सागवानी होडीत इंजिन बसले. इंजिन झिजले तेव्हा दुसरे बसले. त्या होडीची फळी कुजली तेव्हा ती एकच फळी काढून नवी घातली गेली. सुक्या वाऱ्यात उघडलेल्या सांध्यांत पुन्हा कापूस ठासला गेला, तेल पाजले गेले. सणाच्या जाळ्यांच्या जागी नायलॉनची आली, ती मात्र सर्वांनी एकदम घेतली, कारण तेथे जुने धरून ठेवण्यात शहाणपण नव्हते. काय ठेवावे आणि काय टाकावे हे आपल्या वडीलधाऱ्यांनी वस्तूकडे पाहून ठरविले, वस्तूच्या वयाकडे पाहून नव्हे. आणि होडीला एक मोठी सोय आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि धनी तिच्या पोटाखाली निजून प्रत्येक खिळा पाहतो. लिफ्टला असा पावसाळा नाही. ती बारमाही धावते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. आणि ती थांबली की सगळेच पाहतात.

दुरुस्ती ही हलक्या दर्जाची विद्या आहे असा जो समज सुशिक्षितांत आढळतो, त्याविषयीही एक शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे यांतून ते नांगराकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. जो यंत्र उघडतो त्याला एक दिवस ते बनविता येते. जो केवळ बदलतो, तो जन्मभर गिऱ्हाईकच राहतो.

असो. आमच्या तंट्याकडे परत येतो. ज्या कंपनीकडे आमच्या लिफ्टची वार्षिक देखभाल होती, तिने एके वर्षी पत्र पाठविले की या नमुन्याचे भाग आता निघत नाहीत, सबब लिफ्ट बदलावी. सोबत नव्या लिफ्टचे दरपत्रक जोडलेले होते. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. असे पत्र आलेल्या इमारती वेसाव्यात एक नव्हे, पुष्कळ निघतील. आमच्या तरुण सभासदांचे म्हणणे पडले की पत्र खरे आहे. त्यांत तथ्यही होते. आमची लिफ्ट कधी मजल्याच्या चार बोटे वर थांबे, कधी खाली, आणि म्हातारी माणसे तेथे अडखळत. ओढण्याच्या जाळीच्या दरवाजात लहान मुलाचा हात सापडण्याची धास्ती कायमची होती. आणि एका रविवारी आजी स्वतः चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये पाऊण तास अडकल्या. रखवालदार वर धावला. त्याला जुन्या मेकॅनिकने शिकवून ठेवले होते, म्हणून त्याने प्रथम मुख्य बटन बंद केले, मग हाताने ब्रेक सोडवून चाक फिरविले आणि पिंजरा पाचव्या मजल्याच्या पातळीला आणला. आजी बाहेर आल्या त्या हसत, म्हणाल्या, "वादळात तीन रात्री काढलेल्या बाईला तुमचा हा डबा काय भिववितो?" पण त्यांचे हात थरथरत होते, हे आम्ही पाहिले.

वडील मंडळींचे म्हणणे उलट. लिफ्ट चालते आहे ना, मग चालू द्या. या पक्षाचे पुढारपण आमच्याकडे होते, आणि येथे आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. दुरुस्तीच्या नावाखाली आम्ही तीन वर्षे दोर बदलणे पुढे ढकलले होते. सरकारी तपासणीच्या वेळी निरीक्षकांनी आम्हांस गच्चीवर नेले, चाकाजवळचा दोर दाखविला आणि त्यावर चिंधी फिरविली. चिंधी तीन ठिकाणी अडकली. लिफ्टचा दोर म्हणजे पोलादी तारांचे पेड, आणि मधोमध घायपाताचा किंवा तत्सम तेल पाजलेला गाभा. तो गाभा सुकला की तारा एकमेकींवर घासतात आणि एकेक तार तुटून बाहेर डोके काढते. मोठ्या जाळ्याची तार ओढणाऱ्या आमच्यासारख्याने हे ओळखावयास हवे होते. होडीवरच्या तारेची अशी दशा झालेली दिसती, तर आम्ही ती त्याच दिवशी कापली असती. आमच्या पक्षाचे तोंड तेथे बंद झाले, आणि व्हावयास हवेच होते.

यानंतर खरा विचार सुरू झाला. आम्ही दोन्ही पक्षांतली तीन-तीन माणसे घेऊन, बाहेरचा एक जाणकार बोलावून, लिफ्टचा एकेक भाग पाहिला. रूळ सरळ होते. वजने जशीच्या तशी होती. दातेरी पेटी उघडली तेव्हा काशाच्या चाकाचे दात शाबूत निघाले आणि तेलात धातूचा कीस आढळला नाही. मोटारीची वेटोळी जुनी होती, ती नव्याने भरता येण्याजोगी होती. दोर, गव्हर्नरचा दोर, ब्रेकचे अस्तर, जाळीचे दरवाजे आणि रिलेची फळी यांचा काळ संपला होता, याविषयी कोणाचाच मतभेद उरला नाही. खाचांचे चाक तर दोन खाचांत खोल गेले होते. नवे दोर जुन्या खाचांत घातले तर तेही लवकर जातात, म्हणून ते चाक उतरवून कातावे लागले. ज्याने ते कातले त्याचा कारखाना अंधेरीच्याच एका गाळ्यात आहे. दरवाजाचे खटके आणि तारा लोहार चाळीत मिळाल्या. तेथल्या दुकानदाराने आमच्या हातातला जुना खटका पाहून एकही प्रश्न न विचारता माळ्यावरून त्याच्या जोडीचा काढून दिला. 'भाग निघत नाहीत' या वाक्याचा अर्थ 'आम्ही काढीत नाही' असाही होऊ शकतो, हे आम्हांस त्या दिवशी समजले.

सर्वांत मोठी चर्चा झाली ती नियंत्रण-फळीची. नवी फळी संगणकावर चालते. ती मोटारीचा वेग हळूहळू वाढविते व उतरविते, पिंजरा मजल्याच्या बरोबर थांबतो, विजेचा खर्चही उतरतो; वीज गेली तर बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडण्याची सोय जोडता येते. हे सर्व आम्हांस हवे होते. परंतु काही फळ्यांच्या आतला हिशेब कुलूपबंद असतो, आणि त्याची किल्ली केवळ विकणाऱ्याच्या माणसाजवळ राहते. अशी फळी घेतली की जुन्या मेकॅनिकची विद्या आणि नव्या मेकॅनिकची हुशारी दोन्ही दाराबाहेर राहतात, आणि दहा वर्षांनी पुन्हा तेच पत्र येते. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्काविषयी केंद्र सरकारने २०२२ साली एक समिती नेमली; तिने आरंभी ज्या वस्तू विचारात घेतल्या त्या शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने. लिफ्ट त्यांत नाही. आमच्या मते ती असावयास हवी होती, कारण मोबाइल बिघडला तर मनुष्य घरात कोंडला जात नाही. शेवटी आम्ही कुलूप नसलेली फळी निवडली, तिचा नकाशा आणि पुस्तक लिहून मागितले, आणि ते संस्थेच्या कपाटात इतिवृत्ताच्या वह्यांशेजारी ठेवले.

काम तीन आठवडे चालले. एकूण खर्च नव्या लिफ्टच्या दरपत्रकाच्या निम्म्याहून कमी आला. पण तो आला तेवढाही पुष्कळांना जड गेला, हे सांगितले पाहिजे. त्या तीन आठवड्यांत आजींना दोनदा खुर्चीत बसवून खाली आणावे लागले, एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा हिंगळादेवीच्या दर्शनाला. खुर्ची उचलणाऱ्या चौघांत नवी लिफ्ट मागणारे दोघे होते आणि जुनी चालवू म्हणणारे दोघे. चौथ्या मजल्यावर दम खाण्यासाठी त्यांनी खुर्ची टेकविली, तेव्हा आजींनी त्यांस विचारले की तुमचा निकाल लागला की अजून सभा आहे? सरकारी तपासणी होऊन परवानगी मिळाल्यावर लिफ्ट चालू झाली. पहिल्या फेरीत रिलेची टकटक ऐकू आली नाही, हे आमच्यासारख्या काही जणांना चुकल्यासारखे वाटले. तरुण मंडळी मात्र पिंजरा फरशीशी किती नेमका जुळला ते वाकून पाहत होती.

एक गोष्ट लिहावयाची राहिली. तळमजल्यावर जाळीच्या दरवाजाच्या चौकटीला चार स्क्रूंनी बसविलेली एक पत्र्याची पाटी होती. मासळीच्या टोपल्या घेऊन लिफ्टने जाऊ नये, जिन्याचा वापर करावा, असे तीवर लिहिले होते. अशा पाट्या आमच्या भागातील अनेक इमारतींतून होत्या, काही अद्यापि आहेत. आणि आमची इमारत ज्या खाजणावर उभी आहे तेथे कोण मासळी धरीत असे, हे पाटी लावणारांना ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. आजींनी ती पाटी वाचली नाही, कारण त्यांस वाचता येत नाही; परंतु तिचा अर्थ त्यांस ठाऊक होता, आणि गुडघे शाबूत होते तोवर त्या पाटी डोक्यावर घेऊन सहा मजले जिन्यानेच चढल्या. दुरुस्तीच्या यादीत त्या पत्र्याचा उल्लेख कोणी केलेला नव्हता. जाळीचे दरवाजे निघाले, त्यांच्याबरोबर चौकटही निघाली, आणि सगळे लोखंड हातगाडीवर घालून भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेले. नवे दरवाजे बसल्यावर कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने विचारले की खाली पूर्वी काही सूचना होती, ती पुन्हा लावावयाची काय? अध्यक्षांनी विचारले, कोणती सूचना? त्या सभासदाने थोडा वेळ विचार केला आणि म्हटले की नेमके आठवत नाही. इतिवृत्तात त्याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींची सून बंदरावरून आली, तिने ओली टोपली पिंजऱ्यात ठेवली, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला, आणि सहाचे बटन दाबले.